वाण्याच्या दुकानाची चित्रनोंद: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

कोपऱ्यावरचं किराणा-भुसार मालाचं दुकान बंद होतं तेव्हा उरलेला माल दुसऱ्या दुकानदाराकडे जातो, फळ्या-मांडण्या जुन्या बाजारात जातात आणि बोर्ड पत्र्याच्या भावाने भंगारात. तोवर कुणी त्याचा नीट फोटोही काढलेला नसतो. अशा दुकानावर पोस्टर, पोस्टकार्डांचा संच, छोटी पुस्तिका असं काहीतरी करावं असं वाटणारे बरेच जण मला विचारत असतात. कुणी डिझाइनचे विद्यार्थी असतात, कुणी त्याच दुकानदाराची मुलगी किंवा नातू. मी हे काम पुण्यातल्या पेठांमध्ये केलंय, त्यामुळे उदाहरणं तिकडची जास्त येतील. पण सांगली, नाशिक, गिरगाव किंवा म्हापसा कुठेही असाल तरी क्रम हाच राहील.

बहुतेक जण सुरुवातच संगणकावर करतात, आणि घोटाळा तिथेच होतो. पिवळट कागदाचा पोत, एखादा 'जुना' दिसणारा फाँट, तराजू, पोटावर उपरणं टाकलेला शेठ. चित्र छान होतं, पण ते कुठल्याच दुकानाचं नसतं. माझा आग्रह एवढाच, की चित्रात जे येईल ते त्या एका दुकानात खरोखर असलेलं असावं. म्हणून आधी नोंद करायची, डिझाइन त्यानंतर.

काय काय लागेल

महागडं काही नाही. बरा कॅमेरा असलेला फोन, पाच मीटरचा टेप, पांढऱ्या कागदाचे काही ताव, ट्रेसिंग पेपर, ४बी पेन्सिल, मऊ ब्रश (धूळ झटकायला), चौकटीची वही, कागदी चिकटपट्टी. घरी किंवा ओळखीत एक स्कॅनर. संगणकावर इंकस्केप (रेखाटनाला), क्रिटा (रंगवायला), स्क्रायबस (पानं मांडायला) ही मोफत साधनं पुरतात. इलस्ट्रेटर किंवा कोरल येत असेल तर तेही चालेल.

कागदपत्रं तीन: दुकानमालकाचं लेखी संमतिपत्र, वस्तू घरी नेणार असाल तर त्यांची पोचयादी, आणि दुकान भाड्याच्या जागेत असेल तर वाड्याच्या किंवा सोसायटीच्या मालकाला दिलेलं साधं पत्र. हे शेवटचं कायद्याने लागतंच असं नाही. पण जागेवर वाद चालू असेल तर टेप घेऊन भिंती मोजणाऱ्या माणसाकडे लोक फार वेगळ्या नजरेने बघतात.

### १. एकच दुकान निवडा

'पुण्यातली जुनी दुकानं' हा विषय पहिल्या कामासाठी घेऊ नका. एक दुकान घ्या, शक्यतो जिथे तुमच्या घरचं खातं आहे किंवा होतं असं. सगळ्यात जुनं किंवा प्रसिद्ध असायची गरज नाही. फक्त पुढच्यापैकी दोन-तीन गोष्टी तिथे शिल्लक असाव्यात: हाताने रंगवलेला बोर्ड, लाकडी फळ्यांचा दर्शनी भाग, काट्याचा तराजू, लोखंडी वजनं, जुन्या वह्या, किंवा आठवणीने बोलणारा माणूस. शेवटचं असेल तर बाकीचं कमी असलं तरी चालतं.

घाई कुठे करायची तेही सांगतो. ज्यांचा बोर्ड बदलायला टाकलाय तिथे आधी पळा. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या कुठल्याही लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत असा नियम आला. नियम चांगलाच आहे. पण नवी पाटी म्हणजे बहुतेक ठिकाणी फ्लेक्स, आणि ती लागली की जुना रंगवलेला पत्रा खाली उतरतो. तो उतरायच्या आत पोचायचं.

### २. परवानगी घ्या, तीही वेळ बघून

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जाऊ नका. तेव्हा घराघरांच्या याद्या आलेल्या असतात आणि शेठना मान वर करायला फुरसत नसते. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस तर सोडूनच द्या. महिन्याच्या विशीनंतर, सकाळी साडेअकराच्या सुमारास गिऱ्हाईक ओसरलं की जा. (पुण्यात असाल तर दुपारी एक ते चारचा विचारही करू नका.)

पहिल्या भेटीत कॅमेरा काढायचा नाही. काहीतरी विकत घ्या, मग विषय काढा. "काका, तुमच्या दुकानाची चित्रं काढायची आहेत, छापली तर तुम्हाला दाखवूनच छापेन," एवढं पुरे. हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "टॅक्सवाल्यांचं काही नाही ना?" त्यावर हसू नका. माल, साठा आणि हिशेब यांचे फोटो घेणार नाही हे स्पष्ट सांगा आणि तसंच वागा.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत संमतिपत्र. साध्या कागदावर, मराठीत, एका पानात बसेल असं. त्यात एवढं हवं: कशाचे फोटो आणि मापं घेणार, ते कुठे वापरणार (प्रदर्शन, छपाई, इंटरनेट), दुकानाचं आणि मालकाचं नाव छापायचं की नाही, विक्री झाली तर पैशाचं काय, आणि मालकाने नंतर नको म्हटलं तर काय करायचं. दोन प्रती करा, एक त्यांच्याकडे ठेवा. दुकान दोन भावांच्या नावावर असेल तर दोघांच्या सह्या घ्या. गल्ल्यावर बसणारा भाऊ हो म्हणतो आणि गोदाम सांभाळणारा नाही, असं सर्रास होतं.

### ३. फोटो आणि मापं

बोर्डाचा फोटो खाली उभं राहून, मान वर करून काढला की अक्षरं वर निमुळती होतात आणि पुढे ट्रेस करताना सगळं बिघडतं. समोरच्या इमारतीच्या जिन्यावरून, नाहीतर स्टुलावर चढून, बोर्डाच्या मध्याच्या उंचीवरून समोरासमोर काढा. रस्ता ओलांडून थोडं झूम केलंत तर वाकडेपणा आणखी कमी होतो. ऊन थेट पडत नसेल अशी वेळ निवडा. ऑइल पेंट चकाकतो.

प्रत्येक फोटोत एका कोपऱ्यात पांढरा कागद आणि टेपचा तुकडा येऊ द्या. कागदामुळे नंतर रंग दुरुस्त करता येतो आणि टेपमुळे आकार कळतो.

रंगाबद्दल एक सांगतो. दाराचा जो हिरवा किंवा निळा तुम्हाला दिसतो तो उन्हाने उतरलेला असतो. मूळ रंग बघायचा तर बिजागरीखाली, कुलपाच्या पत्र्यामागे, किंवा वर्षानुवर्षं कॅलेंडर टांगलेल्या जागी बघा. कॅलेंडर उचललं की मागे चौकोन दिसतो, आणि त्याचा रंग बाकी भिंतीपेक्षा दोन छटा गडद असतो. दोन्ही रंग नोंदवा. छापताना कुठला वापरायचा हा निर्णय तुमचा, पण दोन्ही हाताशी हवेत.

मापं घेताना दर्शनी भागाची उंची-रुंदी, ओट्याची उंची, मांडणीचे खण किती आणि केवढे, एवढं घ्या. बरण्या मोजा. तेलाचे पंधरा किलोचे डबे कुठल्या कोपऱ्यात, पोती कुठे, गूळ कुठे, पूजेचं सामान कुठे, हे चौकटीच्या वहीत मांडून ठेवा. या मांडणीला कारणं असतात आणि ती विचारली तर सांगतात: उदबत्ती आणि साबण चहापत्तीपासून लांब, कारण वास लागतो. रोज खपणारं हाताच्या अंतरावर. लहान पोरांच्या गोळ्या-बिस्किटांच्या बरण्या पुढे, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर.

### ४. अक्षरांवर जास्तीत जास्त वेळ घालवा

डिझाइनच्या दृष्टीने दुकानातला सगळ्यात मोठा ऐवज म्हणजे अक्षरं, आणि ती फक्त बोर्डावर नसतात.

जुनी दुकानं शटरने बंद होत नसत. उभ्या लाकडी फळ्या खाचेत एकामागून एक सरकवल्या जात, आणि क्रम चुकू नये म्हणून प्रत्येकीवर आकडा असे. असं दुकान अजून मिळालं तर त्या फळ्या उलटून बघा. कुठे रंगाने, कुठे पटाशीने कोरलेले १, २, ३ मिळतात. बहुधा ते सुताराचे किंवा खुद्द मालकाच्या वडिलांच्या हातचे असतात, रंगाऱ्याचे नव्हेत. त्यातला ५ आणि ९ बघा. आपण आज छापतो त्यापेक्षा वळण बरंच वेगळं दिसेल. पातळ कागद ठेवून ४बी पेन्सिल आडवी फिरवली की कोरलेल्या आकड्याचा ठसा तसाच्या तसा उतरतो. एक ते दहा पूर्ण मिळाले तर तुमच्या पुस्तिकेच्या पानांचे क्रमांक आयते तयार झाले.

आता बोर्ड. फक्त दुकानाच्या नावाचा फोटो घेऊन थांबू नका. पुढच्या गोष्टी मुद्दाम टिपा:

- वरची ओळ, म्हणजे '॥ श्री ॥' किंवा कुलदैवताचं 'प्रसन्न'. ती जवळपास नेहमी मधोमध असते आणि तिचं अक्षर सगळ्यात बारीक असतं.
- 'प्रो. प्रा.' आणि त्यापुढचं नाव.
- मालाची यादी: 'किराणा, भुसार, तेल, तूप, साखर'. यादीचा क्रम बदलू नका.
- 'आमची कोठेही शाखा नाही', 'आज रोख उद्या उधार' यांसारख्या ओळी.
- खाली उजव्या कोपऱ्यात पेंटरची सही. ती धुळीने झाकलेली असते, ब्रश तिथेच कामी येतो.

पेंटरचं नाव मिळालं तर शोधा. गाव लहान असेल तर हमखास सापडतो, किंवा त्याचा मुलगा सापडतो, जो आता फ्लेक्सचं दुकान चालवतो. खडू लावलेली दोरी ताणून शिरोरेघ कशी मारायची, अक्षराला शेड डावीकडून द्यायची की उजवीकडून, जोडाक्षराला जागा कमी पडली तर काय करायचं, हे त्याच्याकडून ऐकण्यासारखं असतं. डिझायनर हनीफ कुरेशी यांनी 'हँडपेंटेड टाइप' या प्रकल्पात रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं त्यांच्या नावानिशी डिजिटल फाँटमध्ये आणली. तुम्हाला फाँट करायचा असो वा नसो, नाव देण्याची ती पद्धत घेण्यासारखी आहे.

इथे एक कायदेशीर खाच आहे. बोर्ड दुकानदाराच्या मालकीचा असला तरी त्यावरचं अक्षरांकन ही पेंटरची कलाकृती असू शकते, आणि भारतात कॉपीराइट कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणून पेंटर हयात असेल तर त्याचीही परवानगी घ्या, आणि ती अक्षरं विकायच्या वस्तूवर येणार असतील तर मोबदला आधी ठरवा.

लिपीची गंमत गावोगाव बदलते. मुंबईत मस्जिद बंदर, भुलेश्वरकडे देवनागरीच्या शेजारी गुजराती अक्षरं असतात, ज्यांना शिरोरेघच नाही. गोव्यात याच दुकानाला पोसरो म्हणतात आणि पाटीवर रोमी (रोमन) अक्षरंही भेटतात. बेळगावात कन्नड. दुसरी लिपी येत नसेल तर अंदाजाने गिरवू नका. ती वाचणाऱ्या माणसाला शेजारी बसवा.

### ५. वस्तूंचं वय काढा

"हे खूप जुनं आहे" हे वाक्य तुम्हाला सारखं ऐकू येईल. ते नोंदवा, पण त्यावर विसंबू नका. दुकानातल्या कागदांवर आणि पत्र्यांवर तारखेच्या खुणा असतात. मी या बघतो:

आणे आणि पैसे. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर पैसे झाले. त्याआधी १६ आणे, ६४ पैसे. दरपत्रकात आणे असतील तर बहुधा ते त्याआधीचं, पण लोकांनी तोंडी हिशेब पुढेही बरीच वर्षं आण्यात केला, तेव्हा हा पुरावा एकट्याने पुरेसा नाही. 'न. पै.' म्हणजे नवे पैसे दिसलं तर मात्र छान. १९६४ च्या जूनपासून त्यातला 'नवे' गळाला. म्हणजे तो कागद जवळपास सात वर्षांच्या फटीतला आहे.

शेर की किलो. मेट्रिक वजनं १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने आली आणि साठीच्या दशकाच्या सुरुवातीला सगळीकडे सक्तीची झाली.

पत्ता. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. बिलावर नुसतं 'पुणे २' किंवा 'मुंबई ४' असेल तर ते आधीचं असू शकतं. सहा आकडी पिन असेल तर नंतरचंच.

कर क्रमांक. महाराष्ट्रात व्हॅट १ एप्रिल २००५ पासून, जीएसटी १ जुलै २०१७ पासून. व्हॅटच्या आधीच्या बिलांवर विक्रीकराचे 'बी. एस. टी.' असे क्रमांक दिसतात.

रुपयाचं चिन्ह. ₹ हे चिन्ह १५ जुलै २०१० ला स्वीकारलं गेलं. 'आजोबांच्या काळची' म्हणून दाखवलेल्या पाटीवर ते असेल तर चहा पिऊन विषय बदला. उलट, तुम्ही स्वतः १९७० सालचं दुकान रंगवत असाल तर दरांपुढे 'रु.' लिहा. ही चूक तयार पोस्टरांत मी सारखी बघतो.

दिनदर्शिका. भिंतीवरच्या खिळ्यावर जुनी कॅलेंडरं एकाखाली एक तशीच राहिलेली असतात, आणि तळाशी दुकानाचं नाव छापलेलं असतं. ती उलटत जा. 'कालनिर्णय' १९७३ पासूनचं, म्हणजे त्यामागे पन्नासहून जास्त वर्षं सापडू शकतात. गल्ल्यावरच्या लक्ष्मीची तसबीरही काचेतून काढून (मालकानेच काढायची, आपण नाही) खालची छापखान्याची ओळ वाचा. रविवर्मा प्रेस १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या नावाखाली नकला मात्र पुष्कळ झाल्या.

### ६. वजनं, मापं आणि वह्या

लोखंडी षटकोनी वजन उलटं केलं की खाली शिशाची गुंडी दिसते. तिच्यावर वैधमापन निरीक्षकाचे शिक्के असतात, दर पडताळणीला नवा, एकाच्या अंगावर दुसरा. बारीक अक्षरं, वर्षांचे आकडे, गर्दी झालेली. मोठं करून छापलं तर हे एकटंच एक पोस्टर होतं. फोटोत ते नीट उमटत नाही. बाजूने, अगदी तिरका टॉर्च मारा, किंवा पेन्सिलीने ठसा घ्या.

मापांचा संच मिळाला (चिपटं, मापटं, शेर, पायली) तर उतरत्या क्रमाने एका ओळीत ठेवून समोरून चित्र काढा. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. ही मापं आकारमानाची आहेत, वजनाची नव्हेत. ८० तोळ्यांचा वजनी शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा, आणि तो वेगळा. तक्ता करताना दोन्ही एकत्र घालू नका. शिवाय भागाभागात फरक होते, म्हणून 'या दुकानात असं मोजत' असंच लिहा.

वह्या हा सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात जोखमीचा भाग. लाल कापडी बांधणी, लांबट पानं, छापील रेघांऐवजी कागदाला उभ्या घड्या पाडून केलेले रकाने, डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे. पहिल्या पानावर वहीपूजनाचं कुंकवाचं स्वस्तिक. गुजराती-मारवाडी पेढ्यांत 'श्री' एकाखाली एक वाढवत नेऊन केलेला मनोरा. पण आत उधारीची नावं आहेत. त्या घरांतली माणसं अजून त्याच गल्लीत राहतात. म्हणून पहिलं पान, बांधणी आणि रिकामे रकाने एवढंच टिपा. हिशेबाचे फोटो घेणार नाही असं आपण सांगितलेलं असतं, तेव्हा आतलं पान हवंच असेल तर मालकांना पुन्हा विचारून आणि नावांवर पांढरी पट्टी ठेवूनच फोटो काढा. नंतर संगणकावर पुसू असं म्हणू नका, कारण मूळ फोटो तुमच्याकडे राहतोच.

आकड्यांतल्या खुणा बघा. २॥ म्हणजे अडीच, ३। म्हणजे सव्वातीन, ४॥। म्हणजे पावणेपाच. उभी रेघ एक पाव दाखवते. या खुणा दंडासारख्या दिसतात म्हणून बरेच जण दंड टाकून मोकळे होतात. छापायला ते चालतं, पण युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण यादीत) २००९ पासून यांच्यासाठी 'कॉमन इंडिक नंबर फॉर्म्स' असा वेगळा गट आहे. मोजक्याच फाँटमध्ये तो मिळतो. मी सरळ वहीतल्या रेघाच ट्रेस करतो, त्यांचा तिरकेपणा कुठल्याच फाँटला साधत नाही.

वही मोडीत असेल तर वाचणारा गाठा. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाकडे चौकशी केली तर मोडीच्या जाणकारापर्यंत पोचता येतं. न वाचता मोडीचं पान 'पार्श्वभूमी' म्हणून लावू नका. कुणाच्या तरी थकलेल्या कर्जाचा हिशेब टी-शर्टवर छापला जाईल.

### ७. पुडी बांधताना बघा

हे वेगळं कलम अशासाठी, की ही वस्तू नाही, हालचाल आहे, आणि ती नोंदवायला सगळे विसरतात. व्हिडिओ घ्या, हातांच्या वरून. रद्दीचा चौकोन तळहाताभोवती फिरतो, शंकू होतो, टोकाला पीळ बसतो. माल आत जातो, वरच्या कडा एकेक करून दुमडतात आणि शेवटचं टोक आत खोचलं जातं. छताला टांगलेल्या रिळावरून दोरा खाली येतो, दोन वेढे, आणि बोटाच्या हिसक्याने तुटतो. कात्री नाही. व्हिडिओतून सहा-सात चौकटी निवडा, प्रत्येकीवर ट्रेसिंग पेपर ठेवून फक्त हात आणि कागद यांची रेघ काढा. कृतीचित्रांची पट्टी तयार. मी पाहिलेल्या अशा कामांत लोक सगळ्यात जास्त वेळ याच पट्टीसमोर उभे राहतात, आणि हवेत हात फिरवून बघतात.

प्रदर्शनात खरे दाणे-फुटाणे पुडीत वाटायचे असतील तर वर्तमानपत्र वापरू नका. खाद्यपदार्थ गुंडाळायला त्यावर बंदी आहे, शाई पोटात जाते. कोऱ्या खाकी कागदाच्या पुड्या करा.

### ८. काय बनवायचं ते आता ठरवा

आता तुमच्याकडे इतका ऐवज असेल की सगळं एकाच पोस्टरात कोंबावंसं वाटेल. पहिल्या कामाला मी तीनपैकी एक सुचवतो.

दुकानाचं दर्शनी रेखाचित्र, मोजमापाने, प्रत्येक खणात काय ते लिहून: यासाठी ए२ आकाराचा उभा किंवा आडवा कागद. हे सगळ्यात कष्टाचं आणि सगळ्यात टिकाऊ.

आठ पोस्टकार्डांचा संच: फळीवरचा आकडा, पेंटरची सही, शिशाची गुंडी, पुडी, मापं, वहीचं पहिलं पान, बोर्ड, गल्ला. नवख्याने इथूनच सुरुवात करावी.

सोळा पानी पुस्तिका: मालक भरपूर बोलणारे असतील तरच. नाहीतर पानं भरण्यासाठी तुम्ही स्वतःच लिहू लागाल.

ब्रँडच्या बाबतीत जपून राहा. मांडणीवरच्या चहाच्या, साबणाच्या पुड्यांवर नोंदणीकृत चिन्हं असतात. दुकानाच्या चित्रात ती लहानशी येणं वेगळं आणि एकच वेष्टन उचलून मग किंवा पिशवीवर छापून विकणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात वकिलाला विचारल्याशिवाय पडू नका.

### ९. संगणकावरची मराठी

इलस्ट्रेटर-इनडिझाइनमध्ये मात्रा-वेलांट्या सुट्या पडत असतील तर दोष फाँटचा नसतो. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी कंपोजर' निवडा. इंकस्केपमध्ये देवनागरी आपोआप नीट जुळते.

फाँट निवडताना तो मराठी आहे का हे तपासा. हिंदी वळणाचे ल, श, झ मराठी दुकानाच्या पाटीवर परके वाटतात. काही फाँटांत दोन्ही रूपं असतात, पण मजकुराची भाषा 'मराठी' लावल्याशिवाय आपली रूपं येत नाहीत. ही ओळ टाइप करून बघा: 'ॲल्युमिनियमचे डबे, वाण्याकडच्या शेंगा, लवंगा, तऱ्हेतऱ्हेचे झारे, व्यापाऱ्यांच्या वह्या.' 'ऱ्ह' आणि 'ऱ्य' फुटले की तो फाँट बाजूला ठेवा. 'एक टाइप' या मुंबईच्या गटाचे मुक्त आणि मोफत फाँट मजकुरासाठी भरवशाचे आहेत: 'मुक्त' बारीक मजकुराला, 'बालू' ठळक शीर्षकाला. दुकानाचं नाव मात्र कुठल्याही फाँटमध्ये टाइप करू नका. ते बोर्डावरूनच ट्रेस करा, वाकड्या रफारासकट. ट्रेस करताना हात शिवशिवतो, दोन 'रा' सारखे करून टाकावेत असं वाटतं. करू नका.

### १०. छपाई

गल्लीतल्या प्रेसवाल्याकडे अजूनही कोरलवर काम चालतं आणि त्याच्या संगणकावर जुने बिगर-युनिकोड फाँट असतात. तुमची फाइल उघडली की मजकुराच्या जागी चौकोन दिसतील. सगळी अक्षरं कर्व्ह करून (म्हणजे फाँट न लागणारे नुसते आकार करून) पीडीएफ द्या आणि न केलेली प्रत स्वतःकडे ठेवा.

थोड्या प्रतींसाठी डिजिटल प्रिंट, १३ बाय १९ इंची कागदावर. त्यात चार बाय सहाची आठ पोस्टकार्डं कापायच्या जागेसकट बसतात. चकचकीत आर्ट कार्ड टाळा, मॅट घ्या. दोन-तीन रंगांत काम बसवलं असेल तर स्क्रीन प्रिंटिंग करून घ्या. लग्नपत्रिकावाले करून देतात, आणि ऑइल पेंटच्या सपाट लाल-हिरव्याच्या सगळ्यात जवळ तेच जातं.

पूर्ण छपाईच्या आधी एक प्रत काढून ती दुकानात न्या आणि गल्ल्यावर ठेवा. नावाचं शुद्धलेखन, वडिलांचं नाव आधी की आजोबांचं, स्थापनेचं साल, हे तिथेच तपासून घ्या. गिऱ्हाईकंही डोकावतात आणि "अहो, बडीशेपेची बरणी या बाजूला होती" असं सांगतात. लिहून घ्या, आणि दोन जणांनी तेच सांगितलं तर चित्र बदला.

### ११. नोंद कुठे ठेवायची

फोटोंना गाव, दुकान, वस्तू, तारीख या क्रमाने नावं द्या. ट्रेस केलेलं एसव्हीजीमध्ये, स्कॅन ६०० डीपीआयला टिफमध्ये. एक प्रत दुकानमालकाला पेनड्राइव्हवर आणि छापील संच हातात. एक प्रत गावच्या नगर वाचनालयाला, संमतिपत्राच्या झेरॉक्ससह. मालक आणि पेंटर दोघांची लेखी परवानगी असेल तर निवडक फोटो विकिमीडिया कॉमन्सवर (मुक्त परवान्याच्या फोटोंच्या ऑनलाइन संग्रहावर) मराठी वर्णनासह चढवा. तिथे दिलेला परवाना नंतर मागे घेता येत नाही आणि कुणीही ते फोटो विक्रीसाठीसुद्धा वापरू शकतो, हे दोघांना आधी समजावून सांगा.

बोर्ड कधी उतरवला तर भंगारवाल्याच्या आधी तुम्हाला फोन करा, असं सांगून तुमचा नंबर द्या. चिठ्ठीवर नको, ती हरवते. गल्ल्याशेजारच्या भिंतीवर दूधवाला, गॅसवाला, टेम्पोवाला यांचे नंबर पेनने लिहिलेले असतात, त्यांच्याखाली मालकांनाच लिहायला सांगा.